पार्श्वभूमी : ‘हिवाळी चढाई’ नेमकी कधीची?

इंदूरच्या मराठी घरांचं हिमालयाशी नातं जुनं, पण ते उन्हाळ्यातलं. होळकरांच्या काळात केदारनाथला धर्मशाळा उभी राहिली. मंदिराची दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडत, भाऊबीजेला बंद होत, आणि त्यानंतर तिकडे जायचं नाव कुणी काढत नसे. आता नेमकी त्याच दिवसांत रामबागेतली, राजवाड्याजवळची मुलं देहरादूनची गाडी पकडतात. महिनाभर रालामंडळच्या टेकडीवर पाठीवर वजन घेऊन चढण्याचा सराव झालेला असतो. पुढे पुरोला, मोरीवरून सांक्री, आणि तिथून 3,800 मीटरचा केदारकंठा.

परतल्यावर ‘हिवाळी शिखर केलं’ असं सांगितलं, की कुठल्या तारखेपासूनची चढाई हिवाळी मानायची, हा वाद सुरू होतो. हा वाद आपला नाही, गिर्यारोहकांच्या जगातून आलेला आहे. एव्हरेस्टचा माथा हिवाळ्यात पहिल्यांदा गाठला गेला तो 17 फेब्रुवारी 1980 रोजी. पोलंडच्या चमूचा परवाना 15 तारखेला संपत होता. दोन दिवस वाढवून मिळाले आणि शेवटच्याच दिवशी दोघे वर पोहोचले. गिर्यारोहकांत 21 डिसेंबर ते 20 मार्च हाच खरा हिवाळा, असं मानणारा पक्ष मजबूत आहे.

नेपाळमधल्या धौलागिरी शिखरावर हा गुंता झाला. 13 डिसेंबर 1982 रोजी एक जपानी आणि एक शेर्पा माथ्यावर गेले. नेपाळच्या परवान्यांचा हिवाळी हंगाम 1 डिसेंबरला सुरू होतो, त्या हिशेबाने पहिली हिवाळी चढाई त्यांची. 21 डिसेंबरच्या हिशेबाने आठवडाभर कमी, म्हणून दुसरा पक्ष हा मान 21 जानेवारी 1985 रोजी चढलेल्या पोलिश जोडीला देतो. मला हा निवाडा जपानी-शेर्पा जोडीवर अन्याय करणारा वाटतो, कारण परवानाच हिवाळ्याचा होता. आणि आपल्या पंचांगात तर मार्गशीर्षापासूनच हेमंत! तरी दुसऱ्या पक्षाचं म्हणणं पोकळ नाही. भर हिवाळ्यात जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, दक्षिणेकडे सरकून थेट शिखरांवरून वाहतो, हवेचा दाबही घटतो, म्हणजे तीच उंची छातीला जास्त जाणवते. जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर के2 तर 16 जानेवारी 2021 पर्यंत हिवाळ्यात कुणालाच जमलं नव्हतं. जमलं ते दहा नेपाळी गिर्यारोहकांना, एकत्र.

केदारकंठ्याला ही मोजपट्टी लावणं मला जड वाटतं. तिथे तारखेपेक्षा बर्फ आणणारा पश्चिमी झंझावात येऊन गेला की नाही हे महत्त्वाचं. तो आला नसेल तर डिसेंबरच्या मध्यालाही वाटेवर सुकलेलं गवत आणि ओकची पानं दिसतात. येऊन गेला असेल, तर वाटेवरच्या जुडा तलावाचं पाणी गोठलेलं असतं, प्रत्येक पावलाला बूट गुडघ्यापर्यंत आत जातो, गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण, नसेल तर बर्फ मोज्यात उतरतो, आणि पहाटे तीनला निघालेली मुलं उजाडेपर्यंत बाटलीचं गोठलेलं बूच उघडायचा प्रयत्न करत असतात.