जॅक उचलतो, घोडी पेलते, आणि खरा भार जमीन घेते

ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा आणि तेलाच्या दाबाने गाडी उचलणारा जॅक, घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाचा?" त्याआधी आपल्या अंगणाकडे बघायला हवं. लातूर असो की परभणी, घरासमोर गाडी उभी राहते ती काळ्या मातीवर, मुरुमावर, गट्टूंवर नाहीतर शहाबादी फरशीवर. जॅकवर छापलेली क्षमता सपाट, कडक सिमेंटची जमीन गृहीत धरून दिलेली असते.

टनांचा हिशेब तसा सोपा आहे. ९०० किलोच्या छोट्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन इंजिनामुळे पुढे असतं. म्हणजे पुढची बाजू उचलताना जॅकवर सुमारे ५४० किलो येतात. २ टनी जॅक त्याला भरपूर झाला. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या चेसीच्या (वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या) गाडीला ३ टनी घ्यावा, आणि तोही वजनापेक्षा उंचीसाठी. बॉडी उचलली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक खाली लोंबत राहतं, त्यामुळे सुरुवातीची बरीच उचल चाक जमिनीवरून सुटण्याआधीच खर्ची पडते. ३३-३५ सेंटिमीटरवर थांबणारा स्वस्त जॅक इथे कमी पडतो. मग लोक जॅकवर लाकडाचे ठोकळे रचतात, आणि तिथूनच गाडी घसरते. अशा गाडीला ४५-५० सेंटिमीटर उचलणारा जॅक लागतो. ८ सेंटिमीटरवरून सुरू होणारे बुटके जॅक जमिनीला टेकलेल्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी असतात, आपल्या गाड्यांना त्यांची गरज नाही.

एका हाताने गाडी कशी उचलली जाते? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल यांचा नियम. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली घेतलं. समजा, पंपाचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि उचलणारा दट्ट्या ३६ मिलिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट आणि जोरही नऊपट. दांड्याची तरफ वीसपट धरली, तर हाताचा १५ किलोचा जोर मोठ्या दट्ट्यापाशी २,७०० किलोंचा होतो. त्यातला बराच वाटा जॅकच्या उचलणाऱ्या लांब हातात आणि घर्षणात जातो, तरी गाडीपुरता उरतो. मोबदल्यात वीस-पंचवीस वेळा दांडा मारावा लागतो.

हा सगळा भार एका बारीक गोळीवर तोललेला असतो. तेल मागे येऊ नये म्हणून व्हॉल्व्हमध्ये पोलादी गोळी बसवलेली असते. तिच्याखाली धुळीचा एक कण अडकला, तर तेल झिरपू लागतं आणि गाडी गुपचूप खाली येते. रबरी सील फाटलं तरी तेच होतं. मे महिन्यात पारा चाळीशीपार गेला की तेल पातळ होतं आणि गळती वाढते. म्हणून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, टेकल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. घोडीत तेल नाही, सील नाही, नुसतं दाबाखालचं पोलाद आहे.

घोडी घेताना लेबल नीट वाचा. छापलेली क्षमता कधी एका घोडीची असते, कधी जोडीची. उंची दात्यांवर अडकवायची घोडी लावायला पटकन होते, पण खटका दात्यात पूर्ण बसलाय का हे डोळ्यांनी बघा. भोकात जाड पीन घालायची घोडी हळू, पण तिच्यात शंकेला जागा कमी. पाय रुंद पसरलेले हवेत. जालना-वाळूज पट्ट्यात हुशार वेल्डर मिळतात, म्हणून घोडी बनवून घेण्याचा मोह होतो. तो टाळा. वरून सुरेख दिसणारा जोड आतून पोकळ निघाला, तर ते गाडी पडल्यावरच कळतं.

आता जमीन. घोडीच्या चार पायांचे मिळून २० चौरस सेंटिमीटर टेकतात आणि त्यावर २७० किलो (पुढच्या ५४० किलोंचे अर्धे) येतात असं धरा. दर चौरस सेंटिमीटरला साडेतेरा किलो झाले. आपण उभे राहतो तेव्हा तळव्याखाली तो पाव किलोच्या आसपास असतो. काळ्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते, मग घोडीचा एक पाय रुततो आणि गाडी कलते. प्रत्येक घोडीखाली ३० बाय ३० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीच्या दोन थरांचा प्लायवूड ठेवला, की दाब ०.३ किलोवर येतो. शहाबादी फरशी आधी नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर तिथे घोडी नको. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक तर कशाखालीच नको, तो वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो.

जॅकची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. ४५ सेंटिमीटरचा आडवा हात ३० सेंटिमीटर वर गेला, की त्याचं टोक साडेअकरा सेंटिमीटर मागे सरकतं. गाडी जागेवर असते, म्हणून जॅकनेच चाकांवर पुढे सरकायचं असतं. मातीत चाकं रुतली तर जॅक अडतो आणि टोक गाडीखालून निसटतं. म्हणून जॅकखाली लांबलचक, सलग प्लाय हवा.

गाडी घरंगळण्याचं गणितही समजून घ्या. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका: इंजिनाला जोडलेल्या चाकांपैकी एक हवेत असेल, तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चाकांमुळे) दुसरं मोकळं फिरू शकतं. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावाच. चाक काढायचं असेल तर नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, पाव फेरा सैल करा.

जॅक लावायची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. छोट्या गाड्यांत दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर खाचांच्या खुणा असतात. तिथे खाच असलेला रबरी ठोकळा वापरा, नाहीतर शिवण चेपते. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली जॅक कधीच नको. घोड्यांवर गाडी टेकवल्यावर बॉडीला हाताने जोरात हलवून बघा. डुलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच डुलू दे.

जॅक स्प्रिंगसारखा दबत असेल किंवा पूर्ण उचलत नसेल, तर तेलात हवा शिरलेली असते. गाडीखालून बाजूला घेऊन, उतरवायचा स्क्रू मोकळा करून दहा-पंधरा वेळा दांडा मारा. तेल कमी असेल तर जॅकचंच हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल चालत नाही, त्याने जॅकचं सील फुगतं. काम झालं की जॅक पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे दट्ट्याचा चकचकीत भाग आत राहतो, त्यावर धूळ आणि गंज बसत नाही.