तपकिरी उंदरावर पांढरी कातडी

‘इम्युनिटी वाढवा’ असं छापलेली चूर्णं दुकानात दिसली की मला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर आठवतात. प्रतिकारशक्ती नुसती वाढवून काय होणार? तिला आधी आपलं आणि परकं ओळखता आलं पाहिजे. ही ओळख शरीराला आयती मिळत नाही, ते ती शिकतं, हे मेडावर यांनी प्रयोगाने दाखवलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ते भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. दुसऱ्या माणसाची कातडी लावली तर काही दिवसांत ती मरे. त्याच दात्याची पुन्हा लावली तर आणखी लवकर मरे. म्हणजे शरीराने तिला लक्षात ठेवलेलं असे.

पुढे गायींनी कोडं घातलं. एका जुळ्या वासराची कातडी दुसऱ्याला लावली, तर ती जुळी एकसारखी नसूनही कातडी टिकायची. रे ओवेन या संशोधकाने अमेरिकेत १९४५ सालीच याचं कारण हेरलं होतं. गायीच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, आणि एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात कायमच्या वस्तीला जातात. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट या शास्त्रज्ञाने तर्क मांडला, की गर्भात असताना जे भेटतं, ते शरीर आपलं मानतं.

मेडावर आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी हे मुद्दाम घडवून पाहिलं. सीबीए वाणाची तपकिरी उंदरीण, पंधरा-सोळा दिवसांची गाभण. तिच्या पोटातल्या सहा गर्भांना त्यांनी ए वाणाच्या पांढऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या. पाच पिल्लं जन्मली. आठ आठवड्यांनी त्यांना पांढऱ्या उंदराची कातडी लावली. एरवी ती अकरा दिवसांत मरते. इथे दोघांनी नाकारली, तिघांनी स्वीकारली!

कातडीच बदलली असेल, अशी शंका येईल. म्हणून त्यांनी अशाच एका उंदराला, कातडी लावून ७७ दिवस झालेले असताना, दुसऱ्या सीबीए उंदरांच्या लसिका ग्रंथींचे (म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या गाठींचे) तुकडे टोचले. त्या उंदरांनी पांढरी कातडी आधी नाकारलेली होती. इतके दिवस सुखाने राहिलेली कातडी लगेच नष्ट झाली. कातडी परकीच होती. ज्याला ती लावली त्या उंदराच्या पेशींनी तिच्यावर हल्ला करणं सोडलं होतं, एवढंच.

हा शोधनिबंध १९५३ चा. १९६० साली मेडावर आणि बर्नेट यांना नोबेल मिळालं. गर्भातली ही युक्ती मोठ्या माणसावर चालत नाही, म्हणून मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला सहसा जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता ती चूर्णं घेऊ नयेत.