‘वाचलेले १० टक्केच लक्षात राहते’ या चित्राविषयी खुलासा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारे एक त्रिकोणी चित्र सांगते की वाचलेले १० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते. म्हणून धड्याऐवजी व्हिडिओ पाठवा, असा सल्लाही सोबत येतो. हे आकडे निराधार आहेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या, या चित्राचे मूळ असलेल्या ‘अनुभवांच्या शंकूत’ (शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकारातील मांडणी) एकही टक्केवारी नव्हती. ती इतरांनी मागाहून चिकटवली, आणि खरे तर दहाच्या पटीतले इतके गोल आकडे पाहूनच शंका यायला हवी होती. उलट, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो आठवड्यानंतर अधिक आठवला. त्यामुळे हर्णैच्या शिक्षकाने गटावर ‘आजची भरती कालपेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा का आली?’ असे विचारून, पुस्तक न उघडता उत्तर मागावे.