सारणातलं पाणी

७ डिसेंबर १९७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये एका सारणाची रीतसर नोंद झाली. तोर्तेलिनी नावाच्या छोट्याशा भरल्या पास्त्याचं हे सारण. त्यात लोण्यात परतलेलं डुकराचं मांस, प्रोश्युत्तो म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवलेली मांडी, मोर्तादेल्ला हे बोलोन्याचं सॉसेज, पार्मिजानो रेज्जानो चीज, अंडी आणि जायफळ. बाकी काही नाही. जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या मोडेनाला हे अर्थातच मान्य नाही. दोन शहरांच्या मध्ये कास्तेलफ्रांको एमिलिया नावाचं गाव आहे, त्याचा दावा तर थेट देवलोकातून आलेला. तिथल्या सराईत व्हीनस देवी मुक्कामाला उतरली, सराईवाल्यानं किल्लीच्या भोकातून डोकावून पाहिलं, त्याला तिची फक्त बेंबी दिसली, आणि तो स्वयंपाकघरात जाऊन कणकेची बेंबी वळत बसला. तोर्तेलिनीचा जन्म हा असा.

दंतकथा मजेशीर आहे, पण तिच्यामागचा प्रश्न खराच आहे. स्पॅगेटी मिलानमध्ये असो की पालेर्मोत, ती स्पॅगेटीच असते. भरला पास्ता मात्र दर खोऱ्यात नाव बदलतो, आकार बदलतो, सारण बदलतो. पार्म्यात गोल आनोलिनी, पिएमाँतेत चिमटीएवढे आन्योलोत्ती, लिगुरियात रानभाज्या भरलेले आणि अक्रोडाच्या चटणीत घोळवलेले पान्सोती, आल्प्समध्ये बीट भरलेले कासुन्झिएई, सार्डिनियात बटाट्याचे कुलुर्जोनेस. एवढी फाटाफूट का? इतिहासाचे अभ्यासक उत्तर राजवाड्यांत, सणावारांत आणि गरिबीत शोधतात, आणि ते चूक नाही. पण त्या सगळ्याखाली एक साधं भौतिक कारण आहे असं मला वाटतं, ते म्हणजे पाणी.

इटलीच्या कायद्यानुसार सुक्या पास्त्यात १२.५ टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही. इतक्या कमी ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढू शकत नाहीत, म्हणून सुका पास्ता महिनोन्‌महिने टिकतो आणि बोटीत घालून जगभर पाठवता येतो. आता ताजी पारी घ्या. उत्तर इटलीतलं प्रमाण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. मैद्यात मुळात १४ टक्के पाणी, अंड्यात सुमारे ७५ टक्के. हिशेब केला तर मळलेल्या गोळ्याचा एक तृतीयांश भाग पाणीच निघतो. सारणाचं तर विचारूच नका. रिकोत्ता चीजमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी, उकडलेल्या बटाट्यात त्याहून थोडं जास्त, पालक आणि भोपळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास. असा ऐवज उन्हात वाळवायला ठेवला तर पारी वाळेपर्यंत आतलं सारण आंबून जाणार. त्यामुळे फ्रिज येण्याआधी यातले बहुतेक प्रकार सकाळी करायचे आणि फार तर दुसऱ्या दिवशी संपवायचे, अशा वर्गातले होते. जो पदार्थ गावाची वेसच ओलांडत नाही, त्याला शेजारच्या गावासारखं होण्याची गरज कुठून पडणार?

गाव सोडता येत नाही ही एक अडचण. दुसरी अडचण पारीच्या आत. ओल्या सारणातलं पाणी गप्प बसत नाही, ते पारीत झिरपतं. तासाभरात खालचा पदर चिकट होतो, ओट्याला धरतो आणि उचलताना फाटतो. म्हणून वरवर चवीसाठी वाटणारे बरेचसे जिन्नस नीट पाहिले तर पाणी धरून ठेवायच्या कामाला लावलेले दिसतात. मांतोव्हाचे भोपळ्याचे तोर्तेली हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. भोपळा उकडत नाहीत, भट्टीत भाजतात, म्हणजे बरंच पाणी तिथंच उडून जातं. मग त्यात आमारेत्ती या कडसर बदामी बिस्किटांचा चुरा, किसलेलं चीज आणि मोस्तार्दा, म्हणजे मोहरीचा ठसका असलेला फळांचा मुरांबा. बिस्किटाचा कोरडा चुरा स्पंजासारखा पाणी शोषतो. साखर आणि मीठ पाण्याच्या रेणूंना बांधून ठेवतात. चीजमध्ये पाणी सुमारे ३० टक्केच, त्यामुळे तेही कोरड्या बाजूलाच झुकतं. गोड, खारट, कडू आणि झणझणीत असं हे अजब सारण ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या दिवशी खातात. शेजारच्या फेर्रारात याचेच भाऊबंद कापेलाच्ची, पण तिथे बिस्किटं नाहीत आणि मोस्तार्दाही नाही, भोपळा, चीज आणि जायफळ एवढ्यावरच भागतं. भोपळा मात्र वेगळ्या जातीचा, व्हायोलिनसारखी कंबर असलेला. अमेरिकेतून आलेल्या भाजीवरून दोन राजधान्यांत चाललेली ही चुरस!

(जाता जाता, शाकाहारी वाचकांसाठी: पार्मिजानो रेज्जानोत दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरणं सक्तीचं आहे. सारणात मांस नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.)

बिटाच्या कासुन्झिएईंची गंमत निराळी. कोर्तिना दाम्पेत्सो हे डोलोमाइट पर्वतातलं गाव समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या वर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. अर्धचंद्राच्या आकाराची पारी इतकी पातळ लाटतात की आतला लाल रंग बाहेरून दिसतो. वर वितळलेलं लोणी आणि खसखस. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे पातेल्यात एखादा कासुन्झिएई फुटला तर आधण गुलाबी होऊन लगेच चुगली करतं.

आणि तो फुटतो का? इथे हवा आणि वाफ यांचं गणित पाहण्यासारखं आहे. पारी मिटताना सारणाभोवती थोडी हवा अडकते. २० अंशांवरून ९० अंशांवर गेल्यावर कोरडी हवा फार तर पाव हिश्शानं फुगेल. तेवढं कुठलीही पारी सहज सोसते. पण आत हवा एकटी नाही, शेजारी ओलं सारण आहे. तापमान वाढलं की त्या बुडबुड्यात वाफ भरत जाते आणि वाफेचा दाब सरळ रेषेत न वाढता उसळ्या मारत वाढतो. ८० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याच्या जवळ, ९० अंशांना सुमारे ७० टक्के. याचा हिशेब मांडला तर मोकळेपणानं फुगू दिलेला बुडबुडा ८० अंशांना दुपटीहून थोडा मोठा होतो, ९० ला जवळपास चौपट, आणि ९५ ला सातपटीच्या वर जातो. शेवटच्या पाच अंशांतच खरा घात आहे. जाणत्या बायका पास्ता सोडल्यावर आच कमी करतात ती यासाठीच. रटरटणारं पाणी पारीला बाहेरून आपटतं आणि वाफ आतून फुगवते. मंद आधणात दोन्ही संकटं टळतात.

तेव्हा हवा मुळात आत राहूच न देणं उत्तम. प्रत्येक प्रदेशानं यासाठी आपापली मुरड शोधली आहे, आणि माझ्या मते खरी कारागिरी सारणात नाही, या मुरडीत आहे.

बोलोन्यात पारी लाटणाऱ्या बायकांना स्फोल्यीने म्हणतात. लांब लाटण्यानं त्या एक मिलिमीटरहूनही पातळ चादर लाटतात, तिचे तीन-चार सेंटिमीटरचे चौकोन कापतात, मध्ये वाटाण्याएवढं सारण ठेवतात, चौकोन दुमडून त्रिकोण करतात आणि बोटाभोवती गुंडाळून दोन टोकं एकमेकांवर दाबतात. कडेला पाण्याचं बोट लावत नाहीत. अंड्याची पारी स्वतःच पुरेशी ओलसर असते, दाबलं की दोन्ही पदरांतलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, एकमेकांत गुंततं. पण ती ओल काही मिनिटांचीच. चादर सुकली की कडा कितीही दाबा, आधणात उकलणार. वर पीठ भुरभुरलं असेल तर तेच, सारणाचं तूपकट बोट कडेला लागलं तरी तेच. म्हणून तोर्तेलिनीचं काम एकटीनं करायचं नसतं. एकजण कापते, दोघी भरतात, चौथी वळते.

पिएमाँतेतल्या लांगे टेकड्यांवर एकेक चौकोन भरत बसत नाहीत. पारीच्या लांब पट्टीवर भाजलेल्या मांसाचे ठिपके ओळीनं मांडतात, पट्टी त्यावर दुमडतात, दोन ठिपक्यांमधली जागा चिमटीत दाबतात आणि कातण्यानं कापत जातात. चिमटा काढताना हवा आपोआप कडेनं निसटते. हे आन्योलोत्ती देल प्लिन कधी कधी नुसत्या कापडी नॅपकिनवर वाढतात, सोबत सॉसबिस काही नाही. सारणावर एवढा भरवसा असलेली माणसं मला आवडतात.

सार्डिनियाच्या पूर्वेकडच्या ओल्यास्त्रा भागातल्या कुलुर्जोनेसना २०१६ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात बटाटा, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, पुदिना आणि लसूण. बटाटा गरम असतानाच कुसकरतात, म्हणजे त्याच्या पेशी फारशा फुटत नाहीत आणि लगदा चिकट होत नाही. मग सारण गार होऊ देतात. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि सारण घट्ट बसतं. पारीची चकती तळहातावर, तीत सारणाचा गोळा. अंगठा आणि तर्जनी खालच्या टोकाला एक घडी आत ढकलतात, मग डावीकडून एक, उजवीकडून एक, असं करत वरच्या टोकापर्यंत जातात. तयार होते गव्हाच्या ओंबीसारखी शिवण. दिसायला नक्षी, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मिटत जाणारी शिवण हवेलाही पुढे ढकलत नेते आणि शेवटच्या चिमट्याला बाहेर काढते.

कुलुर्जोनेसची पारी अंड्याची नसते. ती रवाळ पीठ आणि पाणी यांची असते, कारण दक्षिणेकडचा कोरड्या हवेतला गहू वेगळा. तो डुरम, आपल्याकडे बन्सी म्हणतात त्या कुळातला. नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे सहा संच, डुरममध्ये चार. डुरममध्ये प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लुटेन ताठ असतं, ताणलं तर फार ताणलं जात नाही. कागदासारखी पारी लाटण्यापेक्षा जाडसर चकती चिमटत जाणं त्याला मानवतं. उत्तरेकडचा मऊ गहू उलट. त्याचं पीठ मवाळ, ते लाटावं तसं लाटलं जातं पण पाण्यात पटकन विरघळू पाहतं, आणि तिथे अंडं कामाला येतं. अंड्यातली काही प्रथिनं साठ अंशांच्या थोडं वरच थिजू लागतात, मुख्य प्रथिन ८० अंशांच्या सुमारास. त्यांच्या जाळ्यात स्टार्चचे कण अडकून राहतात. तोर्तेलिनी खातात खच्ची केलेल्या कोंबड्याच्या स्वच्छ सुपात, आणि ते सूप गढूळ होत नाही याचं श्रेय अंड्याला. ग्लुटेन आणि अंडं दोन्ही नसलं तर काय करावं लागतं, हे उकडीच्या मोदकात दिसतं. तांदळाच्या पिठीची आधणात उकड काढून स्टार्च आधीच फुलवून घ्यायचा, म्हणजे तोच चिकटपणाचं काम करतो. पण असा मोदक आधणात सोडला तर त्याचा विरघळून लगदा होईल, त्याला वाफेवरच ठेवावं लागतं.

डुरम गव्हावर आपल्या दाराशीही काम चालू आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिरायती शेतीसाठी एमएसीएस ४०२८ हे डुरमचं वाण काढलं, त्यात १४.७ टक्के प्रथिनं आहेत. शेवया आणि पास्ता दोन्हीला ते चालतं.

आता शिजण्याबद्दल. पास्ता वर तरंगला की शिजला, असं सर्रास सांगतात. तरंगण्याचं कारण बरंचसं आतली फुगलेली हवा आणि वाफ. म्हणजे तरंगणं हे आतपर्यंत उष्णता पोचल्याची खूण, शिवण शिजल्याची नव्हे. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पारी दुहेरी असेल तर चौपट, आणि तोर्तेलिनोची टोकं जुळतात तिथे तर पदरावर पदर येतात. सगळीकडे मऊ आणि कोपऱ्यात पीठ दाताखाली येतं ते यामुळे. तरंगल्यावर एखादा काढून त्याची सगळ्यांत जाड जागा चावून पाहावी.

उत्तरपूर्वेच्या फ्रिऊली प्रांतातल्या कार्निया खोऱ्यांत मात्र पाण्यापेक्षा फेरीवाल्यांची सत्ता दिसते. तिथले चार्सोन्स बटाटा, रिकोत्ता, बेदाणे, दालचिनी, पुदिना, कधी कोको असं काहीही पोटात घेतात, वर धुरावलेल्या रिकोत्ताचा किस. पाठीवर मसाल्यांच्या पेट्या घेऊन आल्प्स ओलांडणारे इथले लोक उरलासुरला माल घरी आणत, तो सारणात जाई. त्यामुळे चार्सोन्सची ठरलेली पाककृती विचारण्यात अर्थ नाही.

आज तोर्तेलिनी जगभर पाकिटात मिळतात, म्हणजे पाण्यावर तोड निघाली. इटलीच्या २००१ च्या नियमांनुसार पाकीटबंद ताज्या पास्त्यात किमान २४ टक्के ओलावा लागतो, पण त्याची जलक्रियाशीलता ०.९२ ते ०.९७ च्या मध्ये ठेवावी लागते. पदार्थातलं किती पाणी जिवाणूंना वापरता येईल याचं हे माप, शुद्ध पाण्यासाठी ते १ असतं. वर पाश्चरीकरण, चार अंशांची थंडी, आणि बहुधा पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. ते ०.९७ गाठायचं कसं, हे सारणाच्या घटकांच्या यादीत दिसतं. ब्रेडचा चुरा, बटाट्याचे सुके पापुद्रे, चीजची भुकटी, मीठ. मांसाचं नाव बरेचदा खालच्या ओळीत असतं.