तला मी डो : चाळीस वर्षांच्या युद्धामागची राणी

दक्षिण ब्रह्मदेशातले मोन लोकांचे राज्य आणि उत्तरेकडचे आवा यांच्यातले युद्ध १३८५ पासून १४२४ पर्यंत, मधूनमधून थांबत, चालले. कारणे उघड आहेत. मोनांची राजधानी पेगू, तिथल्या गादीवर नुकताच बसलेला राजा कोवळा होता, म्यांगम्याचा सरदार लाउकप्या त्याला जुमानत नव्हता, त्याने आवाच्या राजाला मदतीला बोलावले. इरावतीच्या मुखाकडचा सुपीक मुलूख आणि बंदरे आवालाही हवी होती. बखरकार मात्र याच वैराचा एक धागा राजाच्या घरात नेऊन जोडतात, तला मी डो या राणीपाशी.

ती मोन राजा बिन्या ऊ याची मुलगी. तिचा नवरा बिन्या न्वे हा त्याच राजाचा मुलगा, म्हणजे तिचा सावत्र भाऊ. न्वेची आई लवकर गेली, त्याला वाढवले आत्या महादेवीने. सावत्र भावंडांचे लग्न राजघराण्यात निषिद्ध नव्हते, पण हे दोघे बापाला न विचारता पळून गेले. पकडले गेले, तेव्हा आत्याने रदबदली केली आणि त्यांचे लग्न झाले. पुढे १३८३ मध्ये न्वेने बापाविरुद्ध बंड केले. १३८४ च्या जानेवारीत बिन्या ऊ वारला आणि जवळजवळ सोळा वर्षांचा न्वे राजाधिराज, बर्मी उच्चारात राझादारित, झाला.

गादी मिळाल्यावर प्रेम आटले. पट्टराणीचा मान दुसरीला गेला आणि खचलेल्या तला मी डोने जीव दिला. त्यांचा एकुलता एक मुलगा बॉ लॉ चान डॉ अजून लहान होता. मोठेपणी तो आईचा सूड घेईल या भीतीने राजाने त्यालाही मारवले. स्वतः बापावर उलटलेल्या माणसाला मुलाची भीती वाटावी, हे मला या हकिकतीतले सर्वांत भेदक वाटते.

मरण्यापूर्वी त्या पोराने शपथ घेतली म्हणे, की मी निर्दोष असेन तर आवाच्या राजवंशात जन्मून मोनांशी लढेन. १३९१ मध्ये तिकडे मिन्ये च्यॉस्वा जन्मला. त्याच्या आईला दक्षिणेकडच्या पदार्थांचे डोहाळे लागल्याचे सांगतात. हाच राजपुत्र पुढे राझादारितचा सर्वांत कडवा शत्रू ठरला आणि १४१५ मध्ये दला येथे लढताना पडला.

पुनर्जन्माची ही कथा इतिहास नव्हे. पण मोनांच्याच बखरीने आपल्या सर्वांत पराक्रमी राजाच्या पदरात हा दोष घातला, झाकला नाही. राझादारित १४२१ मध्ये वारल्यावर गादीसाठी भांडले ते दुसऱ्या राण्यांचे मुलगे, आणि पुढे सिंहासनावर बसलेली शिन सॉ पू हीसुद्धा दुसऱ्याच राणीची लेक.