भूमिगत कोळसाखाणी व जलस्रोतांचे संरक्षण

जमिनीखालून कोळसा काढताना वरच्या नद्या, नाले, विहिरी आणि खडकांतले भूजल आटू नये, दूषित होऊ नये, आणि तेच पाणी अचानक खाणीत शिरू नये यासाठी योजायचे उपाय. नागपूर जिल्ह्यात हा प्रश्न थेट पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे. कामठी कोळसाक्षेत्र कन्हान नदीच्या खोऱ्यात आहे आणि नागपूर शहराला पेंच जलाशयाबरोबर कन्हानचेही पाणी मिळते. सिल्लेवाडा, पाटणसावंगी, सावनेर येथील भूमिगत खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या आहेत. कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

भूरचना : येथील कोळसा बराकर शैलसमूहात सापडतो. त्याच्या वर अनेक ठिकाणी कामठी शैलसमूहाचे वालुकाश्म आहेत. कामठी गावावरूनच या समूहाला नाव मिळाले. जाड कणांचा हा खडक पाणी चांगले धरून ठेवतो. काही भागांत त्यावर दख्खनचा काळा पाषाण, तर नद्यांच्या काठी गाळाचे थर आहेत. म्हणजे खाणकाम पाणी धरणाऱ्या खडकाखाली चालते. खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप चालले की भोवतालची भूजलपातळी खाणीच्या दिशेने उतरते. सर्वांत आधी उथळ विहिरी आटतात. खोल विंधन विहिरींना पाणी आहे म्हणून गावाचे नुकसान झाले नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

भेगा आणि खचणे : खरा धोका खांब काढताना असतो. गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले बोगदे, पाडून मधले कोळशाचे खांब उभे ठेवले आहेत तोवर छत बहुतांशी टिकते. डिपिलरिंग, म्हणजे हे खांब काढणे, सुरू झाले की मागचे छत कोसळते, आणि त्या पोकळीला खाणीत गोफ म्हणतात. कोसळलेल्या थराच्या वर खडक तडकतो. कोसळण्याची उंची काढलेल्या जाडीच्या काही पट असते, पण एकमेकींना जोडलेल्या भेगा ३० ते ४० पटींपर्यंत जाऊ शकतात. ३ मीटर जाडीचा कोळसा पूर्ण काढला, तर सुमारे १०० मीटर उंचीपर्यंत पाण्याला वाट मिळू शकते. मऊ शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे) थर मध्ये असतील तर भेगा लवकर मिटतात. निव्वळ वालुकाश्म असेल तर उघड्या राहतात. त्यामुळे केवळ खोलीचा आकडा पाहून परवानगी मागणे अपुरे आहे. विंधन छिद्रांचे नमुने वाचून मध्ये कोणता खडक किती जाडीचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

यावरचे उपाय आराखड्याच्या टप्प्यावरच करायचे असतात. नदी किंवा मोठ्या नाल्याखाली खांब काढायचेच नाहीत, हा सर्वांत भरवशाचा उपाय. त्यात कोळसा अडकून पडतो, पण ती किंमत मोजण्याजोगी आहे. दुसरा उपाय म्हणजे पोकळी वाळूने भरणे, अर्थात सँड स्टोइंग. वाळू व पाण्याचे मिश्रण पाइपातून गोफमध्ये सोडतात. समोर बांबूच्या चटया किंवा जाळीचा बांध घालतात; पाणी गळून जाते, वाळू राहते. छत मोकळे कोसळू दिले तर जमीन काढलेल्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त खचू शकते. नीट भरले तर खचणे सुमारे ५ टक्क्यांवर येते. ‘नीट’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. छतालगतची शेवटची फट भरली गेली नाही, बांध फुटला किंवा भराई खांब काढण्याच्या मागे पडली, की छत आधीच खाली येते आणि वाळू वाया जाते. शिवाय वाळू नदीच्या पात्रातून आणायची तर एका बाजूने नदी वाचवून दुसऱ्या बाजूने तिचेच पात्र उकरल्यासारखे होते. म्हणून उघड्या खाणींच्या वरमातीतून (कोळशावरून काढलेल्या माती-खडकातून) वेगळी काढलेली वाळू अधिक योग्य. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांची राखही पर्याय म्हणून पुढे येते. मात्र तिच्यातून पाण्यात काय उतरते, हे तपासल्याशिवाय ती भूजलाच्या संपर्कात भरू नये.

पृष्ठभागावरच्या भेगा पावसाळ्यापूर्वी बुजवाव्या लागतात. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे जुलैत भेग मिटलेली दिसते. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. वरून माती लोटणे व्यर्थ आहे. भेगेच्या रेषेवर चर खणून तळाशी दगड व मुरूम, वर चिकणमाती थरांनी धुम्मस करून, थोडा उंचवटा ठेवून भरतात. पहिल्या जोरदार पावसानंतर ती बसते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते. खचलेल्या क्षेत्राच्या वरच्या अंगाला चर काढून वाहते पाणी वळवतात.

पाणी शिरण्याचा धोका : सिल्लेवाडा खाणीत १८ नोव्हेंबर १९७५ रोजी पाणी शिरून १० कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७० हून अधिक माणसे बुडाली. नियमांतले प्रत्येक अंतर अशा किमतीवर उभे आहे. नदी, तलाव यांच्या खाली किंवा त्यांच्या काठापासून आडव्या १५ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. खाणीचे तोंड ज्ञात कमाल पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर उंच हवे. जुन्या, पाणी भरलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत जाताना परवानगी आणि पुढे छिद्रे घेणे आवश्यक आहे. एक छिद्र कामाच्या मध्याजवळ, बाजूंना जास्तीत जास्त ५ मीटरच्या अंतराने आणखी, आणि ती नेहमी निदान ३ मीटर पुढे. सर्वांत मोठी चूक जुन्या नकाशांवर विसंबण्याची. नकाशा बंद झाल्यानंतरही कोळसा काढलेला असू शकतो.

उपसलेले पाणी : कोळशातील पायराइटला (लोह व गंधकाच्या खनिजाला) हवा व पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते, लोह विरघळते आणि नाल्यात तांबूस साका बसतो. आम्लता चुनखडी किंवा चुन्याने उतरवतात, मग निवळण टाकीत गाळ बसू देतात. सोडलेल्या पाण्याचा सामू (pH) ५.५ ते ९ आणि निलंबित घनकण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावेत, असे मानक आहे. हे मानक विसर्जनाचे आहे, पिण्याचे नाही. निवळ दिसणाऱ्या खाणपाण्यातही सल्फेट व काठिण्य जास्त असू शकते. गाळणीने ते जात नाही. पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केले गेले. शेतीला किंवा गावतळ्याला पाणी देणे चांगलेच, पण ते आटलेल्या विहिरीची भरपाई ठरत नाही. पंप थांबला की तो पुरवठाही थांबतो.

नोंदी : विहिरींची पातळी जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये मोजण्याची पद्धत आहे. खाण सुरू होण्यापूर्वीच्या काही वर्षांच्या नोंदी नसतील तर नंतरचा वाद सुटत नाही. दोष पावसाचा की खाणीचा, हे कळायला खाणीच्या प्रभावाबाहेरची, त्याच खडकातली एक विहीरही मोजावी लागते. पीझोमीटर, म्हणजे भूजलपातळी मोजायच्या नळ्या, वेगवेगळ्या थरांत स्वतंत्र बसवावेत. एकाच नळीत दोन जलधर (पाणी धरणारे थर) मिसळले तर आकडा निरुपयोगी होतो.

खाण बंद झाल्यावर : पंप थांबले की पोकळ्या हळूहळू भरतात. बुडालेल्या पायराइटला हवा मिळत नाही, त्यामुळे नवे आम्ल बनणे थांबते. पण भिंतींवर साठलेले क्षार पहिल्या भरतीत विरघळतात, म्हणून सुरुवातीची काही वर्षे पाणी सर्वांत वाईट असते. पाणी बाहेर पडेल ते सर्वांत खालच्या तोंडातून. ते तोंड आधीच ओळखून तिथे निवळण टाकीची जागा राखावी लागते, आणि शेजारच्या चालू खाणीकडील आडवा खांब (दोन खाणींमध्ये न खोदता राखलेली कोळशाची भिंत) त्या पाण्याचा पूर्ण दाब सहन करील इतका जाड ठेवावा लागतो. तो एकदा खोदून काढला तर पुन्हा उभारता येत नाही.