वाळवंटी शहरातला वारा: पवनचक्की घेण्याआधी मोजणी कशी होते

धूळ उडते म्हणजे वारा भरपूर, असं धरून चालू नका. धूळ उडवायला दुपारचा तासभराचा झोत पुरतो, पण पवनचक्कीचा हिशेब वर्षाच्या 8,760 तासांवर होतो. आम्ही ते तास मोजतो. ही मोजणी कशी होते, कुठे फसते आणि आमच्या अहवालात काय तपासून घ्यायचं, ते या पत्रकात दिलं आहे.

सरासरी वेग एवढ्यावर भागत नाही

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. अर्धा दिवस 3 मी./से. आणि अर्धा दिवस 7 मी./से. वारा असेल तर सरासरी 5 येते; पण दिवसभर एकसारखा 5 वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा या वाऱ्यात 48 टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणून आम्ही 'सरासरी इतकी' असं सांगून थांबत नाही. कोणत्या वेगाचा वारा वर्षात किती तास होता, याचा तक्ता देतो आणि त्यावर वायबुल वक्र (वेगांची विभागणी दाखवणारा गणिती वक्र) बसवतो. वक्राचा आकारांक (वेग सरासरीभोवती किती पसरलेले आहेत ते सांगणारा आकडा) 2 च्या आसपास आला, तर खरी ऊर्जा काढायला सरासरी वेगाच्या घनाला साधारण 1.9 ने गुणावं लागतं.

विमानतळाची आकडेवारी

ती फुकट आणि अनेक वर्षांची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मात्र ती मोकळ्या मैदानात, 10 मीटर उंचीवर मोजलेली असते आणि पूर्ण नॉटमध्ये नोंदवलेली असते (1 नॉट म्हणजे 0.514 मी./से.). रात्रीच्या नोंदींत 'शांत' असा शेरा वारंवार दिसतो. यातला काही खरंच शांत वारा असतो, तर काही वेळा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या फिरत्या कपांना फिरायला पुरेल इतका जोर नसतो. जुन्या यंत्राच्या जागी नवं बसवलं की त्या वर्षापासून वारा अचानक 'बदललेला' दिसतो. अशी पायरी आलेखात सापडली, तर तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा काळ आम्ही वेगळा ठेवतो.

ग्लोबल विंड अ‍ॅटलास या जगभरच्या वाऱ्याच्या नकाशासंग्रहातले नकाशेही पाहतो. त्यांची जाळी 250 मीटरची आहे, म्हणजे दर 250 मीटरला एक आकडा. शहराच्या कोणत्या बाजूला मास्ट (मोजणीची यंत्रं लावलेला उंच खांब) उभारायचा हे ठरवायला ती पुरेशी आहे, पण तुमच्या शेजारची पाच मजली इमारत तिला दिसत नाही.

उंची: सर्वांत मोठी चूक इथे होते

10 मीटरवरचा वेग वरच्या उंचीला नेताना घातांकाचं सूत्र वापरतात: दोन उंचींच्या गुणोत्तराला हा घातांक लावायचा आणि येईल त्याने वेगाला गुणायचं. मोकळ्या सपाट जमिनीवर घातांक साधारण 0.14 धरतात, दाट वस्तीत 0.3 किंवा त्याहूनही जास्त. 10 मीटरवर 4 मी./से. वारा असेल, तर 50 मीटरवर पहिल्या घातांकाने 5.0 आणि दुसऱ्याने 6.5 मिळतात. ऊर्जेत हा फरक दुपटीहून अधिक आहे. मोजणी तीच, जागा तीच, फक्त एका अंकावर प्रकल्प पास किंवा नापास होतो.

वाळवंटात तर हा घातांक दिवसभर एक राहतच नाही. दुपारी जमीन तापते, हवा वरखाली घुसळली जाते आणि 10 व 50 मीटरवरचे वेग जवळजवळ सारखे होतात. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते, खालचा थंड थर जमिनीला चिकटून बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरत जातो. अंगणात पान हलत नाही, तेव्हा 80 मीटरवर जोराचा वारा असू शकतो. त्यामुळे घातांक तासवार आणि ऋतुवार काढावा लागतो. त्यासाठी किमान दोन, शक्यतो तीन उंचींवर मोजणी हवी. वर्षभरासाठी एकच घातांक लावलेला अहवाल कोणी दिला, तर तो परत करा. आमचा असला तरी.

शहरात आणखी एक भानगड आहे. दाट वस्तीत वाऱ्याच्या दृष्टीने 'जमीन' इमारतींच्या सरासरी उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर असते. 12 मीटरच्या घरांमध्ये उभारलेला 10 मीटरचा खांब म्हणजे जेमतेम 2 मीटरचा खांब.

मास्ट आणि यंत्रं

मास्टची उंची चक्कीच्या हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाच्या) उंचीच्या किमान दोन-तृतीयांश ठेवतो. वेगमापक खांबापासून दूर, आडव्या दांड्याच्या टोकाला बसतो. दांडा खांबाच्या व्यासाच्या किमान 7 पट लांब असतो, नाहीतर खांबाची सावली मोजणीत शिरते. वेग, दिशा, तापमान आणि दाब यांची 10-10 मिनिटांची सरासरी लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) साठवतो. वेगाचं प्रमाणित विचलनही (सरासरीपासून वेग किती वरखाली झाला ते) साठवतो, कारण वाऱ्याचा खळबळाट त्यावरूनच कळतो. मोजणी सलग 12 महिने चालते आणि 90 टक्क्यांहून जास्त नोंदी वापरण्याजोग्या असाव्या लागतात. ते वर्ष नेहमीपेक्षा जास्त वाऱ्याचं होतं की कमी, हे 'ईआरए5' (जगभरच्या जुन्या हवामानाची संगणकाने पुन्हा मांडलेली नोंद) सारख्या दीर्घकालीन माहितीशी जुळवून दुरुस्त करतो.

वाळवंटातल्या मोजणीत नेमकं काय बिघडतं:

- बारीक धूळ कप-वेगमापकाच्या बेअरिंगमध्ये जाते आणि तो हळूहळू जड फिरू लागतो. वेग 3 टक्के कमी दिसला की शक्ती 9 टक्के कमी दिसते. म्हणून वरच्या उंचीवर दोन वेगमापक लावतो. दोघांतलं अंतर वाढू लागलं की एक उतरवतो आणि मोजणीनंतर दोन्ही पुन्हा पवन-बोगद्यात तपासून घेतो.
- लॉगरच्या सौर पॅनेलवर धूळ बसते आणि बॅटरी उतरते. नोंदी नेमक्या वादळानंतरच गायब होतात.
- दिशादर्शकाची उत्तर दिशा चुकते. कारण साधं असतं: होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांची गल्लत.
- मास्टला उभं धरणाऱ्या ताण-तारा वाळूत रोवलेल्या नांगरांवर सैल पडतात. मास्ट कलला की वेगमापकही कलतो.

उष्णता

समुद्रसपाटीला 15 अंशांवर हवेची घनता 1.225 किलो प्रति घनमीटर असते. 45 अंशांवर ती 1.11 होते. म्हणजे त्याच वेगात शक्ती 9 टक्के कमी. शहर उंचावर असेल तर आणखी घट. इन्व्हर्टरही (चक्कीची वीज घरच्या वापराजोगी करणारं यंत्र) ठराविक तापमानाच्या वर स्वतःहून उत्पादन कमी करतो. माहितीपत्रिकेतला तो आकडा विक्रेत्याला आधी विचारा.

एक हिशेब

3 मीटर व्यासाची छोटी चक्की घेऊ. पात्यांनी झाडलेलं क्षेत्र 7.07 चौ.मी. हबच्या उंचीवर वर्षाची सरासरी 5 मी./से., आकारांक 2, सरासरी तापमान 28 अंश. वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे 140 वॉट असतात, म्हणजे वर्षाला या क्षेत्रातून सुमारे 8,700 युनिट वाहून जातात. बेट्झच्या मर्यादेनुसार यातले 59.3 टक्क्यांहून जास्त कोणतीही चक्की काढू शकत नाही. छोट्या चक्कीच्या हाती सगळी गळती धरून 20 ते 25 टक्के लागतात. म्हणजे 1,700 ते 2,200 युनिट. सरासरी 4 मी./से. निघाली तर हेच 900 ते 1,100 होतात. चक्कीवर छापलेली 'क्षमता' बहुधा 11-12 मी./से. वेगाची असते, तिला 8,760 ने गुणू नका.

गच्चीवर बसवायची असेल तर

आम्ही सहसा नको म्हणतो. इमारतीमागे तिच्या उंचीच्या 20 पट अंतरापर्यंत वारा विस्कटलेला असतो, आणि अशा वाऱ्यात पाती वेग पकडण्याऐवजी सतत तोंड वळवत बसतात. शिवाय कंप थेट स्लॅबमध्ये उतरतो. पात्याचं खालचं टोक 150 मीटर परिसरातल्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा किमान 9 मीटर वर असावं. हे गच्चीवर क्वचितच साधतं. शहराच्या वाऱ्याकडच्या कडेला मोकळी जागा असेल तर साधतं.

पहिल्या भेटीआधी आम्हाला द्या

जागेचे अक्षांश-रेखांश, आठही दिशांना उभे राहून काढलेले फोटो, 500 मीटरमधल्या इमारती, झाडं आणि पाण्याच्या टाक्यांची अंदाजे उंची, वर्षभराची वीजबिलं. वीज दिवसा जास्त लागते की रात्री, तेही लिहा. रात्रीच्या वाऱ्याचा उपयोग त्यावर ठरतो, आणि दिवसाचीच गरज असेल तर मास्टचा खर्च करण्याआधी आम्ही तुम्हाला सौर पॅनेलचा हिशेब दाखवू.